दोन पाकिटं

थे हाकचोल दिवसाला सिगारेटची दोन पाकिटं फोडायचा आणि ओढायचा सात. फार तर आठ. बाकीच्या बत्तीस कुणाच्या तोंडात जात ते त्याच्या बायकोला, ओकबुनला, नावानिशी ठाऊक होतं. ज्यांच्या तोंडात गेल्या त्यांनी कधी मोजल्या नाहीत. आणि हाकचोलचं म्हणाल, तर दिलेली वस्तू मोजणारा माणूस त्याच्या लेखी माणसातच जमा नव्हता.

तो चीनमधल्या यानब्यनचा, तिथल्या कोरियन वस्तीतला. ह्वारयोंगच्या अंगाला डोंगरात त्याचं गाव, आणि गावाचं पीक तंबाखू. पाचव्या वर्षापासून गवताच्या दोरीत तंबाखूची पानं ओवायची आणि ओसरीला टांगायची, हे त्याचं काम. सगळं घर त्या वासानं भरलेलं. दारात कुणी आलं की आधी त्याच्यापुढे तंबाखूचा डबा सरकवायचा, मग ‘जेवलास का’ विचारायचं, आणि मग जमलं तर ‘कशाला आलास’. त्याची आई जुन्या वर्तमानपत्राच्या कपट्यात तंबाखू गुंडाळून ओढायची. नवी सून घरात आली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिलाही कपटा कसा चाटून चिकटवायचा ते सासूनंच शिकवलं. ओकबुन ते अजून विसरलेली नाही.

त्या मुलखात पाकीट खिशातून बाहेर निघालं की ते खोलीतल्या प्रत्येकापुढे फिरतं, आणि मगच मालक स्वतःची पेटवतो. समोरच्यानं दिलेली नाही म्हणायची नाही. ओढायची नसेल तर कानावर खोवायची. आणि ‘किती ओढतोस’ असं कुणी विचारलं, तर ‘दोन पाकिटं’ सांगणारा माणूस दिलदार. ‘आठ’ सांगणारा? त्यानं त्या आठ संडासात दार लावून एकट्यानं ओढल्या असणार, असंच लोक समजतात.

सेहेचाळिसाव्या वर्षी हाकचोल बायकोला घेऊन कोरियात आला. आजोबांचा देश. भाषा तीच, भात तोच, लोणचं जरा कमी तिखट. पण तोंड उघडलं की दोन वाक्यांत ‘यानब्यनवाला’ म्हणून ओळख पटायची, आणि समोरच्याचा आवाज आपोआप वर चढायचा. ओकबुन दवाखान्यातल्या म्हाताऱ्यांची उठबस करायच्या कामाला लागली. हाकचोलला शहराबाहेर एका कारखान्यात काम मिळालं. नव्या इमारतींतल्या स्वयंपाकघरांच्या ओट्यांना लागणारे दगड तिथं कापत, घासत, चकचकीत करत.

पहिल्याच दिवशी त्यानं माती खाल्ली. मालक त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. सकाळी मालक शेडमध्ये आला तसा हाकचोल गावाकडचं पाकीट घेऊन पुढे झाला, एक सिगारेट झटकून बाहेर काढली, दोन्ही हातांनी पुढे धरली आणि वर लायटरही पेटवला. मनापासून केलेला नमस्कारच होता तो. मालकानं हातावर फटका मारला. सिगारेट दगडाच्या भुकटीत.

“मी काय तुझा दारू प्यायचा दोस्त आहे?” मालक ओरडला. “मोठ्या माणसापुढे धूर? आईबापांनी काही शिकवलंय की नाही? का तुमच्या चीनमध्ये सगळं असंच?”

हाकचोल घरी येऊन ही गोष्ट हसत हसत सांगायचा, स्वतःचीच नक्कल करून. ओकबुनला कधी हसू आलं नाही. इथं धाकट्यानं मोठ्यापुढे पेटवायची नसते, पाठ करून ओढायची असते, हे त्याला विमानातून उतरताना कुणी कानात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नव्यानं आलेल्याला कुणी काही सांगत नाही. त्यानं आपटायचं आणि शिकायचं.

आणि गंमत बघा. त्याच कारखान्यात धुराला मोठा मान होता. सकाळी दहाला आणि दुपारी तीनला दहा-दहा मिनिटांची धूरवेळ. सिगारेट ओढणारा मागच्या पत्र्याखाली जाऊन बसणार. न ओढणाऱ्याला कसली विश्रांती? त्याच्या हातात झाडू. मालक म्हणायचा, “तुला तलफ नाही ना? मग शेड झाड.” अंगात ताप असो, कंबर मोडलेली असो, बसायचं असेल तर तोंडात सिगारेट हवी. यानब्यनहून आलेली कित्येक चांगली, निर्व्यसनी माणसं त्या दहा मिनिटांसाठी ओढायला लागली. ज्यांनी आयुष्यात बिडीला हात लावला नव्हता ती दोन वर्षांत पिवळ्या बोटांची झाली. हे कुठल्या अहवालात येत नाही. अहवालात एवढंच येतं की ‘स्थलांतरितांमध्ये धूम्रपानाचं प्रमाण जास्त आहे’. जणू बोचक्यात बांधूनच आणलं होतं त्यांनी!

रिम मानसू आला तेव्हा पस्तिशीचा होता. लहानपणापासून दम्याचा. सिगारेट त्याला चालायची नाही. पहिले तीन दिवस त्यानं शेड झाडली, चौथ्या दिवशी झाडूवरच वाकून उभा राहिला. हाकचोलनं त्याला दंडाला धरून पत्र्याखाली नेलं, सिगारेट पेटवली आणि त्याच्या बोटांत दिली.

“दादा, मी ओढत नाही.”

“ओढ कुठं म्हणतोय? धर. जळू दे. मालक आला की तोंडापाशी ने आणि बापाचं कर्ज आठव, म्हणजे चेहरा बरोबर होतो.”

सहा वर्षं मानसूनं रोज दोन वेळा हाकचोलची सिगारेट नुसती धरली. राख लांब होत जायची, गळायची, बोटाला चटका बसला की टाकून द्यायची. त्याच्यासारखे आणखी तिघेचौघे होते. नवा माणूस आला की हाकचोलचं पाकीट त्याच्यापुढे पहिलं. ‘हाकचोलदादा’ म्हटलं की देरिमच्या, शहरातल्या यानब्यनवाल्यांच्या वस्तीतल्या, गल्लीत कुणीही ओळखायचं ते यामुळेच. ओकबुन चिडायची. “गावाकडे तंबाखू शेतात उगवत होता, इथं काय आभाळातून पडतो?” तो म्हणायचा, “अगं, एकट्यानं ओढायची म्हणजे एकट्यानं जेवल्यासारखं.”

अकरा वर्षं त्यानं कोरडा दगड कापला. कोरडा कापला की भुकटी उडते, पण काम लवकर होतं आणि चिखल होत नाही. पाण्याची नळी भिंतीला टांगलेली होती. तपासणीवाले येणार असले की ती वापरात दिसावी म्हणून तिला भिजवायचे. कागदाचा मास्क दुपारपर्यंत पिठाच्या पिशवीसारखा व्हायचा. संध्याकाळी हाकचोल घरी यायचा तो भुवया, कान, नाकातले केससुद्धा पांढरे घेऊन. बायकोला म्हणायचा, “बघ, तुझ्याआधी मीच म्हातारा झालो.”

मग खोकला. मग खोकल्यात लाल. डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, उजव्या फुफ्फुसात गाठ आहे, आणि सगळीकडे दगडाची भुकटी. कामगारांच्या केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, हे कामामुळे झालंय, अर्ज करा, मान्य झालं तर उपचार चालू राहतील. मान्य झालं तर. ओकबुनचा जीव त्या एका शब्दाला टांगला.

चौकशीचा साहेब तिशीतला, चष्मेवाला, बोलायला गोड. त्यानं दोघांना पाणी दिलं, फॉर्म पुढे ओढला.

“काका, सिगारेट?”

हाकचोलचा हात आपोआप खिशाकडे गेला. “घ्या ना साहेब.”

“नाही, नाही! मला नको. तुम्ही ओढता का, ते विचारतोय.”

“म्हणजे काय!”

“दिवसाला किती?”

“सात-आठ,” ओकबुन म्हणाली.

हाकचोलनं टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. “दोन पाकिटं.”

“रोज?”

“सणावाराला तीन.”

“किती वर्षं झाली?”

“आईचं दूध सुटल्यापासून धरा,” हाकचोल म्हणाला आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता इतका खोकला की साहेबानं आणखी पाणी मागवलं.

ओकबुन बोलायला गेली. साहेब म्हणाला, “काकू, ओढणाऱ्यालाच सांगू द्या.” आणि लिहिलं.

दोन महिन्यांनी पत्र आलं. रोज चाळीस सिगारेटी, चाळीसहून अधिक वर्षं, गाठ कामाच्या धुळीमुळे झाली असं म्हणता येत नाही, अर्ज नामंजूर. कोरडा दगड कापल्याचा पुरावा कागदावर हवा होता, कारण मालकानं लिहून दिलं होतं की आम्ही पाणी मारूनच कापतो. सिगारेटीचा पुरावा मात्र माणसाच्या तोंडचा चालला!

ओकबुननं पत्र त्याच्या पुढ्यात आपटलं. “चाळीस! चाळीस ओढायला तुम्हाला वेळ तरी होता का हो? जेवायला वीस मिनिटं मिळत होती तुम्हाला!”

“दोन पाकिटं फोडतोच ना मी.”

“फोडता! ओढता किती?”

“आठ सांगितल्या असत्या तर साहेब काय समजला असता? हा माणूस कुणाला देत नाही.”

“साहेबाला काय करायचंय तुम्ही कुणाला देता ते! तो काय तुमच्याकडे सोयरीक घेऊन आला होता?”

हाकचोलनं पत्राची घडी घातली. म्हणाला, “दिलेल्या मोजून सांगायच्या म्हणजे... अमक्याला इतक्या, तमक्याला इतक्या. लाज वाटते गं.”

“मराल तुम्ही या लाजेपायी.”

“ते तर मरणारच आहे,” तो म्हणाला. तिनं भांडी घासायला घेतली.

केंद्रातल्या बाईंनी सांगितलं, फेरचौकशी मागता येते. पण बरोबर काम केलेल्यांची साक्ष हवी: दगड कोरडा कापायचे, आणि हा माणूस सिगारेटी वाटायचा, स्वतः कमी ओढायचा. ओकबुन कामावरून सुट्टी घेऊन देरिममध्ये फिरली. एकेका खोलीत, मटणाच्या सळया भाजणाऱ्या टपऱ्यांवर, मक्याच्या शेवया मिळतात त्या तळघरातल्या खानावळीत. यानब्यनच्या बायका नवऱ्याला ‘वाटसरू’ म्हणतात. ती प्रत्येकाला म्हणायची, “आमच्या वाटसरूनं तुला कधी सिगारेट दिली होती का?”

“कधी? रोज! दादासारखा माणूस नाही, वहिनी.”

“मग एवढं लिहून दे.”

की लगेच डोळे जमिनीला. कुणाच्या व्हिसाचे कागद अडकलेले. कुणाचा मेहुणा अजून त्याच मालकाकडे. एकजण म्हणाला, “वहिनी, नाव न घालता लिहिलं तर चालेल का?” ती म्हणाली, “आणि वाटसरूनं नाव न घालता मरायचं का?” पण रीत कुणी सोडली नाही. प्रत्येकानं उठताना तिच्यापुढे पाकीट धरलं. दिलेली नाही म्हणायची नसते. चौथ्या दिवशी ती घरी आली तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात अकरा सिगारेटी होत्या आणि सही एकही नव्हती. तिनं त्या नवऱ्याच्या पांघरुणावर ओतल्या.

“घ्या. वसुली.”

त्यानं एकेक उचलून वास घेतला. “ही क्युंगसूची. अजून तीच स्वस्तातली मारतो,” म्हणाला, आणि हसला. त्या दिवशी ओकबुन पहिल्यांदा रडली, तीही रागानं.

मानसू मात्र स्वतः आला. दारातच उभा राहून म्हणाला, “वहिनी, मी सांगतो. सहा वर्षं दादाच्या सिगारेटी हातात जाळल्यात मी. एक झुरका नाही मारला. माझ्या एकट्याच्याच रोजच्या दोन झाल्या की. बाकीच्यांच्या मी नावं न घेता सांगतो.”

“मालक?”

“बघू.”

 मानसू अजून त्याच कारखान्यात होता. पुढच्या महिन्यात त्याची बायको गावाहून यायची होती, आणि तिच्या व्हिसाला मालकाचं पत्र लागत होतं.

फेरचौकशी कारखान्यातच ठेवली. नळ्यांतून पाणी धो धो वाहत होतं. प्रत्येकाच्या तोंडावर रबरी, नवा कोरा मास्क. मालकानं साहेबाला कागदी पेल्यात कॉफी दिली, हाकचोलला बसायला खुर्ची दिली, आणि म्हणाला, “हाकचोल, बारीक झालास रे. खात जा.” हाकचोल नळ्यांकडे बघत होता. नाकात प्राणवायूची नळी, पायाशी चाकांवरची टाकी. त्यानं चार महिने एकही ओढली नव्हती, पण पाकीट खिशात होतंच. पाकीट नसेल तर माणसं भेटल्यावर हातांचं काय करायचं ते त्याला कळायचं नाही.

साहेबानं मानसूला पुढे बोलावलं. “काकू म्हणतात, काका सिगारेटी वाटायचे. खरं?”

“खरं, साहेब.”

“तुम्हालाही?”

“रोज. दहाला एक, तीनला एक.”

“आणि तुम्ही त्या ओढायचा?”

मानसूनं उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात मालक हसत हसत म्हणाला, “ओढायचा म्हणजे? नाहीतर धूरवेळेत बसायचा कशाला? झाडू नव्हता का? काय मानसू? सहा वर्षं मला चुना लावलास की काय?”

हसतच होता तो. पण शेडमधले सगळे ग्राइंडर थांबले होते. पाण्याचा आवाज तेवढा येत होता. मानसूची मान खाली गेली, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

ओकबुन मनात म्हणत होती, बोल. एकच शब्द बोल. धरायचो म्हण.

हाकचोलनं नाकातली नळी काढली, टाकीची कळ बंद केली आणि उठला. टाकी, खुर्ची सगळं मागे ठेवून दहा पावलं चालत मानसूपाशी गेला. त्या दहा पावलांतच तो घामानं भिजला. खिशातून पाकीट काढलं, एक सिगारेट झटकून बाहेर काढली आणि पुढे धरली. लायटर पेटवला.

“मानसू, घे.”

मानसूनं त्याच्याकडे बघितलं. हाकचोलनं नुसती हनुवटी हलवली, घे.

मानसूनं ती ओठांत धरली आणि ओढली. खरीखुरी, आतपर्यंत. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, छाती उडाली, पण खोकला त्यानं दातांखाली दाबला. रीतीप्रमाणे दादाच्या लायटर धरलेल्या हातावर बोटानं दोनदा टिचकीही मारली. आभार.

“ओढतो, साहेब,” हाकचोल म्हणाला. श्वास पुरत नव्हता, शब्द सुटे सुटे पडत होते. “आमच्याकडे... सगळेच ओढतात.”

साहेबानं लिहिलं. मालक म्हणाला, “मोठ्यांसमोर ओढायची खोड काही गेली नाही यांची,” आणि या वेळी कुणाच्या हातावर फटका मारला नाही.

परतीच्या गाडीत ओकबुन खिडकीबाहेर बघत बसली. हाकचोलच बोलला. “मला किती महिने उरलेत? चार? पाच? त्याची बायको यायचीय.”

“आणि मी? मी कोण?” ती म्हणाली. “माझ्यापुढे कधी पाकीट धरलंत का हो तुम्ही? सगळ्या जगाला वाटून झालं, आता जीवही वाटून टाकलात.”

त्यानं तिचा हात शोधला. तिनं दिला नाही. नंतर कितीतरी दिवस तिला ती गोष्ट सलत राहिली, पण त्या क्षणी तिनं हात दिला नाही हे खरं आहे, आणि खोटं कशाला लिहायचं.

दुसरं पत्र पहिल्यासारखंच आलं. एक ओळ जास्त होती: सहकाऱ्याच्या साक्षीतून अर्जदाराच्या म्हणण्याला दुजोरा मिळत नाही. फेब्रुवारीत, गल्लीतला बर्फ काळा पडला होता तेव्हा, हाकचोल गेला.

मानसू आला तो मार्चच्या शेवटी, एका दुपारी. ओकबुननं त्याला फोटोपुढे डोकं टेकवू दिलं. मग तो भिंतीला टेकून बसला. दम्यानं छाती शिट्टीसारखी वाजत होती.

“मालकानं काढलं, वहिनी. काम कमी झालं म्हणाला. बायकोचं पत्रही दिलं नाही.”

  दहा पावलं चालून दिलेली ती सिगारेटही फुकट गेली होती.

“आता मला कुणाची भीती नाही,” मानसू म्हणाला. “अजून कोर्टात जाता येतं म्हणतात. जायचंय ना तुम्हाला? मी सही करतो. सांगतो की मी ओढत नव्हतो, दादा वाटायचे...”

बोलता बोलता त्यानं खिशातून पाकीट काढलं, एक झटकून तिच्यापुढे धरली, आणि तिनं न घेतलेली पाहून स्वतःच्या तोंडात ठेवून पेटवली. सराईत हातानं. पहिलं आणि दुसरं बोट नखापर्यंत पिवळं.

ओकबुन त्या बोटांकडे बघत राहिली.

“कधीपासून?”

मानसूच्या तेव्हा लक्षात आलं. त्यानं सिगारेट लपवायला जागा शोधली, आणि ती न सापडून तशीच हातात धरून बसला. “त्या दिवसापासून. सुटतच नाही, वहिनी.”

“रोज किती?”

त्यानं पाकीट मुठीत झाकलं.

“आता तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार, मूर्खा?” ती म्हणाली. “‘मी ओढत नव्हतो’ म्हणणार, आणि कोर्टभर वास सोडणार.”

मानसू रडायला लागला. दम्याच्या माणसाचं रडणंही धड होत नाही. ओकबुननं ते होऊ दिलं. मग उठून कॉफीचा रिकामा डबा त्याच्यापुढे सरकवला, कपाटातून कोरा कागद आणि पेन आणलं, आणि ते जमिनीवरच्या बसक्या टेबलावर ठेवलं.

“लिही.”

“काय लिहू? तुम्हीच म्हणालात ना...”

“तारीख लिही. पहिली ओढलीस ती तारीख. कुणासमोर, कुणाच्या हातून, आणि का. मालकाचं नाव घाल. ते साहेबाच्या वहीतल्या तारखेशी जुळवून बघू दे त्यांना. मानतील की नाही मला ठाऊक नाही. बहुतेक नाही मानणार. पण लिही.”

मानसूनं सिगारेट डब्याच्या काठावर ठेवली आणि पेन उचललं. त्याचं अक्षर मोठं, शाळकरी होतं, एकेका शब्दाला वेळ लागत होता. ओकबुन समोर बसून वाचत राहिली. डब्याच्या काठावर सिगारेट आपली आपण जळत गेली. राख लांब झाली, वाकली, आणि कुणीही हात न लावता आत पडली.